तळ्यातून काढायचे काय, सोडायचे काय?

पावसाळा ओसरला, पाणी निवळले, की आपल्याकडच्या बहुतेक तलावांच्या बांधावर एक ठरलेले दृश्य दिसते. चार-सहा माणसे एकमेकांपासून अंतर राखून बसलेली असतात. कुणाच्या हातात रीळ लावलेली महागडी काठी असते, कुणाकडे साधा बांबू आणि नायलॉनची दोरी. दोरीला बांधलेले बूच पाण्यावर तरंगत असते आणि सगळ्यांची नजर त्या बुचावर. ही मंडळी फारशी बोलत नाहीत. मात्र तास-दोन तास बूच हलले नाही, की एक विषय हमखास निघतो. या तळ्यात आता पूर्वीसारखा मासा राहिला नाही!

इथपर्यंत सगळ्यांचे एकमत असते. मतभेद सुरू होतात ते त्यापुढे. एक जण म्हणतो, "सरकारने मासे सोडायला हवेत." दुसरा म्हणतो, "सोडून काय उपयोग? आधी ती चिलापी काढा, मग सोडा." तिसरा, बहुधा वयाने मोठा, म्हणतो, "काढू नका आणि सोडूही नका. आधी पाणी नीट करा. मासा आपला आपण येतो."

गळ टाकून बसणाऱ्या हौशी मंडळींची ही तीन मते आहेत. वरवर पाहता हा रिकामटेकड्यांचा वाद वाटेल. पण गावोगावच्या तळ्यांचे पुढे काय होणार, हा प्रश्न त्यात दडलेला आहे. म्हणून ही तिन्ही मते जरा नीट तपासून पाहू.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. तळ्यावर पहिला हक्क गळवाल्यांचा नसतो. आपल्या राज्यात बहुतेक तलाव मासेमारीसाठी ठेक्याने दिले जातात आणि त्यात मच्छीमार सहकारी संस्थांना प्राधान्य असते. भोई, कोळी, ढिवर अशा समाजांतील हजारो कुटुंबे त्यावर जगतात. ठेक्याची रक्कम ते भरतात, मत्स्यबीज ते विकत आणतात, जाळी त्यांची असतात. गळवाला हा तिथला पाहुणा. त्याला मासा मिळाला नाही तर त्याची संध्याकाळ वाया जाते. संस्थेच्या सभासदाला मिळाला नाही तर त्याची चूल अडते. पाहुण्याने मत जरूर द्यावे, पण हा फरक लक्षात ठेवून द्यावे.

आता पहिले मत. मासे सोडा.

कटला, रोहू आणि मृगळ हे तीन मासे आपल्या बाजारात इतके रुळले आहेत, की ते मूळचे इथलेच असावेत असे वाटते. प्रत्यक्षात ते गंगेच्या खोऱ्यातले पाहुणे. जलद वाढतात, चवीला चांगले आणि तिघांचे खाणे वेगवेगळे. कटला वरच्या थरातले सूक्ष्म जीव खातो, रोहू मधल्या थरात चरतो आणि मृगळ तळाशी. म्हणून एकाच तळ्यात तिघे गुण्यागोविंदाने राहतात. पण त्यांची एक अडचण आहे. साठलेल्या पाण्यात ते मोठे होतात, त्यांच्या पोटात अंडीही तयार होतात, पण ती ते तिथे घालत नाहीत. त्यासाठी त्यांना पुराचे वाहते पाणी लागते. त्यामुळे तळ्यात एकदा सोडलेले मासे पकडून संपले, की संपले. पुढच्या वर्षी पुन्हा आणावे लागतात.

पूर्वी हे बीज नद्यांतून गोळा करावे लागे. त्यात कोणत्या माशाची पिल्ले किती, याची खात्री नसे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माशांना पीयूषिका ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन अंडी घालायला लावली आणि ही अडचण दूर झाली. आज मत्स्यबीज केंद्रांत जे काम चालते त्याचे मूळ त्या प्रयोगात आहे. १० जुलै हा दिवस आपण राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळतो तो त्यामुळेच.

अंड्यातून नुकत्याच बाहेर आलेल्या पिल्लांना आपल्याकडे मत्स्यजिरे म्हणतात. खरोखरच ती जिऱ्याच्या दाण्याएवढी असतात. ती इंचभर वाढली की मत्स्यबीज, आणि बोटाएवढी झाली की बोटुकली. तळ्यात काय सोडायचे, हा प्रश्न इथे महत्त्वाचा ठरतो. जिरे स्वस्त, बोटुकली महाग. साहजिकच पैसे कमी असले की लहान पिल्ले मोठ्या संख्येने सोडण्याचा मोह होतो. कागदावर आकडा मोठा दिसतो. पण तळ्यात मरळ, शिवडा, शिंगटा असे मासे खाणारे मासे असतील, तर ही पिल्ले म्हणजे त्यांच्यासाठी वाढलेले ताट! म्हणून तीन-चार इंचांची बोटुकली थोडी कमी सोडली तरी चालेल, असे जाणकार सांगतात.

सोडण्याचीही एक रीत आहे. प्राणवायू भरलेल्या पिशव्यांतून बीज येते. पिशवी फोडून थेट तळ्यात रिकामी केली, तर पाण्याच्या तापमानातला फरक पिल्लांना सोसत नाही. पिशवी आधी पंधरा-वीस मिनिटे तळ्याच्या पाण्यावर तरंगत ठेवायची, मग तिचे तोंड उघडून तळ्याचे पाणी थोडे थोडे आत घ्यायचे आणि शेवटी पिल्लांना आपणहून बाहेर पडू द्यायचे. हे काम सकाळी किंवा संध्याकाळी, ऊन नसताना करायचे. समारंभाला पाहुणे उशिरा आले आणि दुपारी बारा वाजता पिशव्या उलट्या केल्या, तर टाळ्या वाजतात, छायाचित्रे निघतात, पण मासे किती जगले ते कोणी पाहत नाही.

तेव्हा "मासे सोडा" या मतात तथ्य आहे. ठेक्याच्या तळ्यात कार्प मासे हवे असतील तर ते सोडावेच लागतात. पण ही एका अर्थाने शेती झाली. पेरले, वाढवले, कापले. तळे पूर्ववत झाले, असे त्यावरून म्हणता येत नाही. गळवाल्यांची गल्लत होते ती इथे. पूर्वी इथे मोठमोठे मासे मिळत, असे म्हणताना त्यांना आठवत असतो तो मरळ, वाम, शिवडा. आणि मागणी असते ती कटल्याच्या बीजाची.

आता दुसरे मत. नको ते मासे काढा.

नको ते मासे म्हणजे कोणते? याचे उत्तर कोणाला विचारतो त्यावर अवलंबून आहे. मत्स्यशेती करणाऱ्याला मरळ नको असते, कारण ती त्याची बोटुकली खाते. गळवाल्याला नेमकी तीच हवी असते, कारण गळाला लागलेली मरळ जी झुंज देते तिला तोड नाही. एकाचा चोर तो दुसऱ्याचा राजा, असा हा प्रकार.

शेततळ्यासारख्या लहान तळ्यात बीज सोडण्यापूर्वी आधीचे मासे काढून टाकण्याची पद्धत जुनी आहे. सर्वांत चांगला उपाय म्हणजे तळे पूर्ण आटवून तळ उन्हात तापू देणे. ते शक्य नसेल तर मोहाची पेंड टाकतात. मोहाच्या बियांचे तेल काढल्यावर उरलेल्या पेंडीत सॅपोनिन नावाचे द्रव्य असते. ते माशांच्या रक्तपेशी फोडते. एक हेक्टर क्षेत्राच्या, एक मीटर खोल तळ्याला सुमारे अडीच हजार किलो पेंड लागते. मासे काही तासांत वर येतात. विषाचा परिणाम ओसरायला साधारण दोन-तीन आठवडे लागतात आणि नंतर त्याच पेंडीचे खत होते. उपाय गावठी असला तरी शास्त्रशुद्ध आहे. मात्र तो फक्त मत्स्यशेतीच्या बंदिस्त तळ्यासाठी. पेंड हवा तो मासा आणि नको तो मासा असा भेद करत नाही. गावच्या मोठ्या तलावात, ओढ्यात, नदीच्या डोहात विष कालवणे हा सरळसरळ गुन्हा आहे आणि त्यात माशांबरोबर बेडूक, खेकडे, पिल्ले, अंडी सगळेच जाते.

राहता राहिली चिलापी, म्हणजेच तिलापिया. आफ्रिकेतला हा मासा १९५२ मध्ये भारतात आणला गेला. उद्देश चांगला होता. गरिबाला स्वस्त प्रथिने मिळावीत. पण कार्प माशांची जी अडचण तीच चिलापीची सोय. ती साठलेल्या पाण्यात सहज वीण घालते. दोन-तीन महिन्यांची झाली की अंडी घालू लागते. मादी अंडी आणि पिल्ले तोंडात सांभाळते, त्यामुळे ती जगतातही जास्त. मग तळ्यात संख्या इतकी वाढते, की कुणालाच पोटभर मिळत नाही आणि सगळ्या तळहाताएवढ्याच राहतात. गळवाला वैतागतो तो यामुळे. आमिष टाकले की चिलापी, पुन्हा टाकले की पुन्हा चिलापी.

ती काढता येईल का? खरे सांगायचे तर मोठ्या जलाशयातून नाही. जाळ्यातून पाच-पन्नास सुटल्या तरी पुन्हा तीच गत. शिवाय उजनीसारख्या जलाशयावर आज चिलापी हेच अनेक मच्छीमारांचे रोजचे उत्पन्न आहे. गळवाल्याला नकोशी असलेली चिलापी भिगवणच्या खानावळीत मानाने वाढली जाते. मुंबई-पुण्याहून लोक ती खायला जातात. अशा ठिकाणी "काढा" म्हणणे सोपे, पण कोणाच्या ताटातून काढायची तेही सांगावे लागेल.

काही मासे मात्र काढलेच पाहिजेत, यात दुमत नसावे. आफ्रिकन मांगूर हा त्यातला एक. तो काहीही खातो, अगदी कमी प्राणवायूत जगतो आणि पावसात ओलसर जमिनीवरून सरपटत दुसऱ्या पाण्यात जाऊ शकतो. आपल्याकडे त्याच्या संवर्धनावर बंदी आहे. दुसरा म्हणजे काचेच्या टाकीत शेवाळ खाणारा म्हणून विकला जाणारा सकर मासा. घरी तो मोठा झाला, टाकीत मावेनासा झाला, की लोक त्याला दयाबुद्धीने जवळच्या तळ्यात सोडतात. जीवदान दिल्याचे समाधान मिळते. पण अंगावर काटेरी खवल्यांचे चिलखत असलेला हा मासा मच्छीमाराच्या जाळ्यात अडकला, की जाळे फाडूनच निघतो. त्याला बाजारात किंमत नाही. एका जिवाला दिलेले दान शंभरांच्या पोटावर येते ते असे. आपल्या गळाला असा मासा लागला तर तो पुन्हा पाण्यात टाकायचा नाही, इतके तरी प्रत्येक गळवाल्याने पाळावे.

तिसरे मत म्हणजे पाणी नीट करा, मासा आपोआप येईल.

हे मत वडीलधारे आहे आणि बऱ्याच अंशी खरे आहे. मुंबईचा पवई तलाव घ्या. १८९१ मध्ये तो पिण्याच्या पाण्यासाठी बांधला गेला, पण त्याचे पाणी पिण्यालायक राहिले नाही. तिथे गळाने मासेमारी करणाऱ्या हौशी लोकांची जुनी संघटना आहे. तिने वेळोवेळी तलावात मासे सोडले. मात्र भोवतालचे शहर वाढत गेले, सांडपाणी येत राहिले, जलपर्णी पसरत राहिली. अशा तलावात बीज सोडणे म्हणजे गळक्या घागरीत पाणी भरणे.

सांडपाण्याने मासा नेमका कसा मरतो, हेही समजून घ्यायला हवे. सांडपाण्यातल्या खतामुळे शेवाळ आणि पाणवनस्पती बेसुमार वाढतात. दिवसा त्या प्राणवायू सोडतात, पण रात्री तोच प्राणवायू त्या वापरतात. कुजणाऱ्या घाणीलाही तो लागतो. पहाटेच्या सुमारास पाण्यातला प्राणवायू सर्वांत कमी असतो. माशांना लिटरमागे पाच मिलिग्रॅम असला तर बरे वाटते, दोनच्या खाली गेला की ते पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागतात. दोन-तीन दिवस आभाळ भरलेले राहिले किंवा पहिल्या पावसाने सगळी घाण एकदम वाहून आणली, की एखाद्या सकाळी तळ्याच्या काठाला मेलेल्या माशांचा खच पडतो. लोक म्हणतात, कुणीतरी विष घातले. प्रत्येक वेळी तसे नसते. तळ्याचा रात्रीत श्वास कोंडलेला असतो. तळ्यावर रोज पहाटे असणारा गळवाला माशांची ही धाप सर्वांत आधी पाहतो. त्याने तेव्हाच वर्दी दिली तर निदान सांडपाणी कुठून आले ते सापडू शकते.

पाणी नीट करणे म्हणजे केवळ गाळ काढणे नव्हे, हे आपल्याला पूर्व विदर्भाने शिकवले. भंडारा-गोंदिया भागात कोहळी समाजाने शेकडो वर्षांपूर्वी बांधलेले मालगुजारी तलाव आहेत आणि त्यावर पिढ्यान् पिढ्या ढिवर समाज मासेमारी करत आला आहे. या तलावांतले स्थानिक मासे कमी झाले, तेव्हा उपाय म्हणून बाहेरचे बीज सोडले गेले. त्यात गवत्या मासाही होता. नावाप्रमाणे तो पाण्यातले गवत खातो. पण त्याच गवतात स्थानिक मासे अंडी घालत, त्यातच त्यांची पिल्ले लपत. गवत गेले, तसे मासेही गेले. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ या संस्थेने ढिवरांच्याच माहितीच्या आधारे उलटी वाट धरली. आधी तलावातली बेशरमाची झुडपे उपटली, मग कोणत्या माशाला कोणती वनस्पती लागते हे जुन्या माणसांना विचारून त्या वनस्पती तलावात लावल्या. या कामात ढिवर स्त्रिया पुढे होत्या. झाडोरा परतला तसे स्थानिक मासे आणि पक्षीही परतू लागले. आधी घर, मग घरातली माणसे, असा हा साधा क्रम आहे.

मग तिसरे मत हेच अंतिम मानायचे का? पूर्णपणे नाही. कारण एखादा मासा त्या खोऱ्यातूनच नाहीसा झाला असेल, किंवा धरणांनी त्याची वाट बंद केली असेल, तर पाणी कितीही स्वच्छ केले तरी तो येणार कुठून? अशा वेळी मासा सोडावाच लागतो. पण कोणता? या एका प्रश्नाकडे दुर्लक्ष झाले तर काय होते, याची एक गोष्ट आपल्या लोणावळ्यापासून सुरू होते.

महसीर हा आपल्या नद्यांमधला सर्वांत रुबाबदार मासा. सोनेरी झाक असलेले मोठे खवले, वेगवान प्रवाहात पोहण्याची ताकद आणि गळाला लागल्यावर तासन् तास दमवणारी झुंज. दख्खनच्या महसीराचे पहिले शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये केले, ते पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. त्याला 'खुद्री' हे नावही त्यांनी इथल्या बोलीतूनच घेतले. पुढे धरणे झाली, नद्या आटल्या, सुरुंग लावून मासे मारले जाऊ लागले आणि महसीर दुर्मिळ झाला. तेव्हा राज्याचे माजी मत्स्यव्यवसाय संचालक डॉ. चं. वि. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोणावळ्याला टाटांच्या वीज कंपनीच्या वळवण तलावाजवळ या माशाचे कृत्रिम प्रजनन यशस्वी केले. १९७० च्या दशकातले हे काम देशात मोलाचे ठरले. तिथून महसीराची पिल्ले दूरदूरच्या राज्यांत गेली. अशीच काही पिल्ले कर्नाटकात, कावेरीच्या खोऱ्यात पोहोचली.

कावेरीत महसीर नव्हता असे नाही. उलट तिथला महसीर जगप्रसिद्ध होता. पाठीवर उंचवटा असलेला, नारिंगी परांचा हा मासा प्रचंड वाढे. १९४६ मध्ये म्हैसूरच्या एका शौकिनाने १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा मासा गळाने पकडल्याची नोंद आहे. पण कावेरीतही महसीर कमी झाला होता. तिथल्या गळवाल्यांना आणि मत्स्य खात्याला वाटले, महसीर तो महसीर. लोणावळ्याचा सोडला म्हणून काय बिघडले? नदीचा एक पट्टा राखला गेला, पकडलेला मासा परत सोडण्याचा नियम झाला, रखवालदार म्हणून स्थानिक माणसे नेमली गेली. सारे काही मनापासून चालले होते.

कावेरीकाठच्या गालिबोरे इथल्या मासेमारी शिबिरात एक चांगली सवय होती. कोण किती तास बसला, किती मासे लागले, किती वजनाचे, याची नोंद वहीत होत असे. १९९८ ते २०१२ या काळातल्या या नोंदी पुढे संशोधकांनी तपासल्या. २३ हजार ६२० तासांची मासेमारी आणि ६ हजार १६१ मासे! या आकड्यांवरून दिसले, की दर तासाला लागणाऱ्या माशांची संख्या वर्षागणिक वाढत होती. म्हणजे राखण यशस्वी झाली होती. पण त्याच नोंदींनी दुसरीही गोष्ट सांगितली. माशांचे सरासरी वजन घटत होते. आणि कुबडाचा, नारिंगी परांचा मासा जवळजवळ दिसेनासा झाला होता. जे वाढत होते ते निळसर परांचे, मूळचे आपल्याकडचे.

कुबडाच्या महसीराची शास्त्रीय ओळख २०१८ मध्ये पक्की झाली. टॉर रेमादेवी हे त्याचे नाव. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेने त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून केली. शेकडो वर्षे ज्या माशाने कावेरीला कीर्ती दिली, त्याला नाव मिळाले ते तो जायला निघाल्यावर. याला धरणे, वाळूउपसा, सुरुंग हेही कारण आहेच. पण बाहेरून आणून सोडलेल्या भाऊबंदाने त्याची जागा घेतली, हे त्यातले मोठे कारण मानले जाते.

या गोष्टीत खलनायक कोणी नाही. लोणावळ्यात पिल्ले वाढवणाऱ्यांनी एक दुर्मिळ मासा वाचवला, हे खरेच आहे. कावेरीवरच्या गळवाल्यांनी नदी राखली, हेही खरे आहे. चूक एवढीच झाली, की "महसीर हवा" एवढेच विचारले गेले, "कोणता महसीर" हे विचारले गेले नाही. आणि ही चूक उघडकीस कशी आली? गळवाल्यांनीच ठेवलेल्या वहीमुळे. त्या अभयारण्यातली गळमासेमारी पुढे बंद झाली आणि वहीही थांबली.

मला वाटते, आपल्या बांधावरच्या वादाचे उत्तर या वहीत आहे. सोडायचे की काढायचे, हे तळ्यागणिक बदलेल. पण ते ठरवण्यापूर्वी पाण्यात आज काय आहे, हे माहीत हवे. आपल्याकडे ते सहसा कोणालाच माहीत नसते. संस्थेकडे किती किलो मासा विकला याचा हिशेब असतो, सरकारकडे किती लाख बीज सोडले याचा. तळ्यात कोणत्या जातीचे मासे आहेत, कोणती जात पाच वर्षांत दिसली नाही, पहिली मांगूर कधी लागली, याचा हिशेब कोणाकडे नाही. बांधावर वर्षानुवर्षे बसणाऱ्यांना तो तोंडपाठ असतो. तो फक्त लिहून ठेवायचा आहे. तारीख, किती तास बसलो, काय लागले, केवढे होते, पाणी कसे होते. शंभर पानी वही आणि एक पेन. न ओळखता येणारा मासा लागला तर त्याचे छायाचित्र.

अशी वही हातात असली, की संस्थेच्या सभासदांशी बोलणे सोपे होते. या वर्षी जिऱ्याऐवजी बोटुकली घ्या, असे नुसते सांगण्यापेक्षा गेल्या तीन वर्षांत सोडलेल्यांपैकी फारच थोडे लागले, हे दाखवता येते. गवताचा कोपरा राखा, तिथे मरळीची पिल्ले दिसतात, असे सांगता येते. एका खोऱ्यातला मासा उचलून दुसऱ्या खोऱ्यात टाकू नका, हे पटवता येते. पाहुण्याचे मत घरच्यांनी ऐकावे, असे वाटत असेल, तर पाहुण्याने काहीतरी हातात घेऊन जायला हवे.

उद्या सकाळी तळ्यावर जाणार असाल तर गळ, दोरी, कणकेचा गोळा यांच्याबरोबर ती वही पिशवीत टाका. बूच हलले नाही तरी लिहा. 'तीन तास, काही नाही' हीदेखील एक नोंदच आहे. कावेरीवर एका माशाची गोष्ट कळली ती अशाच नोंदींवरून.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)